रेलेंगमधली एक चूक

२००३च्या आसपास आमच्या घरी फोनची एकच लाइन होती आणि तिचं एक्स्टेन्शन स्वयंपाकघरात. पहाटे साडेपाचला मी मोडेम किंचाळवायचो आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स ताजा करायला बसायचो.

साधन होतं सीव्हीसप. जॉन पोल्स्ट्रा यांनी ते मॉड्युला-३ भाषेत लिहिलेलं. ते कंपाइल करायचं तर आधी त्या भाषेचा कंपायलर उभा करा, म्हणून शहाणी माणसं तयार बायनरी उतरवून मोकळी व्हायची. पण एकदा चाललं की फाइलमधला बदललेला भाग तेवढाच तारेवरून आणायचं. डायल-अपवाल्यांना याहून काय हवं?

हवं ते ‘सपफाइल’मध्ये लिहायचं. सगळा सोर्स हवा तर ‘एसआरसी-ऑल’, नुसता कर्नल हवा तर ‘एसआरसी-सिस’. नको ते ‘रिफ्यूज’ फाइलमध्ये टाकायचं. मी चिनी, जपानी, कोरियन पोर्ट्स (बाहेरचे प्रोग्रॅम बसवायच्या कृती) काढून टाकले आणि स्वतःवर खूश झालो. मग पोर्ट्सची सूची बनवायला गेलो, तर बनेना. तिला पोर्ट्सचं अख्खं झाड लागायचं!

(आमच्या आधीच्यांना तर ही निवड कायद्यानं करायला लावली होती. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे एन्क्रिप्शनचा सोर्स बाहेरच्यांनी अमेरिकेतून ओढायचा नव्हता. तो मिळायचा दक्षिण आफ्रिकेतल्या सर्व्हरवर. २०००मध्ये नियम सैल झाले, तेव्हा कुठे हा द्राविडी प्राणायाम संपला.)

पण खरा फटका टॅगनं दिला. सपफाइलमध्ये ‘रेलेंग’, अंडरस्कोर, ४ असा टॅग लिहायचा, म्हणजे चौथ्या शाखेचा सोर्स यायचा. झोपेत मी अंडरस्कोरच्या जागी साधी आडवी रेघ मारली. सीव्हीसपला चुकीचा टॅग ओळखताच यायचा नाही. त्याला वाटायचं, टॅग बरोबर आहे, फक्त त्यात एकही फाइल नाही. आणि खाली ‘डिलीट’ लिहिलेलं असायचंच. म्हणजे यजमानाकडे जे नाही, ते पाहुण्यानंही ठेवायचं नाही.

पडद्यावर डिलीट, डिलीट, डिलीट अशा ओळी धावू लागल्या. मी आपला चहा पीत बघतोय, जुनं काहीतरी साफ होत असेल म्हणून! सोर्समधलं ‘बिन’ फोल्डर गेलं, ‘कॉन्ट्रिब’ जायला लागलं, तेव्हा कप खाली ठेवला.

तेवढ्यात आईनं मावशीला फोन करायला आतला रिसीव्हर उचलला. लाइन तुटली. सीव्हीसप मात्र चिवट, पुन्हा जोडायची वाट बघत बसलं. मी कंट्रोल-सी दाबून ते थांबवलं. कर्नलचं ‘सिस’ जागेवर होतं.

“तुझं काही अर्धवट राहिलं का रे?” आई आतून म्हणाली. एरवी याच प्रश्नावरून आमचं भांडण व्हायचं.

“बोल तू निवांत,” मी म्हणालो.