विश्लेषण : अख्ख्या टीमला कोच कशासाठी?

मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि खरी चर्चा नंतर चहाच्या टपरीवर होते. हिंजवडी असो की ऐरोली, आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे चित्र नवे नाही. अशाच टीमसाठी काही कंपन्या कोच नेमतात. तो मॅनेजर नसतो, ट्रेनरही नसतो. मग तो करतो तरी काय?

फुटबॉलच्या मैदानातून गूगलमध्ये

याचे सर्वात गाजलेले उदाहरण बिल कॅम्पबेल यांचे. १९७४ ते १९७९ या काळात ते कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. निकाल अभिमानाने सांगावा असा नाही : १२ विजय, ४१ पराभव, एक बरोबरी. पुढे ते उद्योगात आले, इन्ट्यूटचे सीईओ झाले आणि नंतर सिलिकॉन व्हॅलीतल्या बड्या मंडळींचे कोच. २००१ मध्ये गूगलचे सीईओ झालेल्या एरिक श्मिट यांना गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी कोच घ्यायला सुचवले, तेव्हा श्मिट यांना ते मुळीच रुचले नव्हते.

कॅम्पबेल एकट्या श्मिट यांच्याशी बोलून थांबले नाहीत. ते वरिष्ठांच्या साप्ताहिक बैठकीत बसत, कोण गप्प आहे, कोण धुसफुसतोय हे टिपत आणि नंतर त्यांना वेगवेगळे गाठत. प्रश्न आला की लगेच उत्तर शोधायचे नाही, आधी त्यावर काम करणारी माणसे योग्य आहेत का आणि त्यांचे आपसात जमते का ते पाहायचे, ही त्यांची रीत. सोमवारची बैठकही थेट कामाने सुरू होत नसे. आधी सुटीत कोण कुठे जाऊन आले याच्या गप्पा. वेळ वाया गेल्यासारखे वाटेल, पण सुरुवातीलाच प्रत्येकाचे तोंड उघडले की वादाच्या मुद्द्यावर बोलणे सोपे जाते.

चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त!

गूगलने २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट अॅरिस्टॉटल’ सुरू केला आणि त्यात आपल्याच १८० टीम अभ्यासल्या. निष्कर्ष असा निघाला, की टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसे एकमेकांशी कशी वागतात हे महत्त्वाचे. सर्वात वरचा घटक होता ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’, म्हणजे आपले हसे होईल या भीतीशिवाय बोलता येणे.

हार्वर्डच्या प्रा. एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या शोधनिबंधात टीमच्या संदर्भात ही संकल्पना मांडली. त्याआधी रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना कोडे पडले होते. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त दिसत होत्या. खोलात गेल्यावर लक्षात आले, की तिथे चूक बोलून दाखवण्याची मोकळीक जास्त होती. ‘हा बग माझ्यामुळे आला’ हे वाक्य तुमच्या स्टँडअपमध्ये शेवटचे कधी ऐकलेत? ते सहज निघावे, यासाठीच कोचची बरीचशी खटपट असते.

कोच कधी हवा?

रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेगमन यांनी २००५ मध्ये टीम कोचिंगचा सिद्धांत मांडला. त्यात वेळेला मोठे महत्त्व आहे. सुरुवातीला उमेद, काम निम्म्यावर आले की पद्धतीचा फेरविचार आणि शेवटी झालेल्या कामातून काय शिकलो याची चर्चा. टीम नुकती जमलेली असताना पद्धत बदलण्याचा सल्ला तिच्या पचनी पडत नाही.

मग सगळे कोचवर सोडायचे?

इथे हॅकमन यांचाच ६०-३०-१० हा ढोबळ हिशोब एचआरने भिंतीवर लावावा असा आहे. टीमच्या यशात ६० टक्के वाटा तिच्या बांधणीचा, ३० टक्के सुरुवात कशी करून दिली याचा आणि पुढच्या कोचिंगचा जेमतेम १० टक्के. उद्दिष्टच धूसर असेल, दर महिन्याला माणसे बदलत असतील, तर कोच बिचारा काय करणार?

आपल्याकडचा नेहमीचा घोळ बेल कर्व्हचा. अप्रेझलमध्ये एकाच टीममधल्यांना एकमेकांसमोर उभे करायचे आणि वर्षभर कोचने त्यांना सहकार्य शिकवायचे. मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांना अशी उतरंड लावण्याची पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. तेव्हा कर्मचाऱ्यांना कळवलेल्या बदलांत पहिला मुद्दा टीमवर्कचा होता.