नोकरी सोडून पीएचडी : जोडीदाराच्या पाठिंब्याबद्दल संशोधन काय सांगतं?

समजा तुम्ही चाकणच्या एखाद्या कंपनीत क्वालिटीमध्ये आहात. कंपनीच्या बसने घरी येता, जेवण झाल्यावर नेटची पुस्तकं उघडता. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडे भत्ता. हे आकडे पाठ असतात. अडतं ते नवऱ्याला किंवा बायकोला सांगताना.

या सांगण्यावरही संशोधन झालंय. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रूक फीनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १६३ विवाहित जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीतल्या एकाला पर्याय दिला: सोपं कोडं सोडवा, नाहीतर भाषण करून बक्षिसासाठी स्पर्धेत उतरा. निर्णयाआधी दोघांना बोलू दिलं आणि त्या बोलण्याचं चित्रीकरण केलं. ज्यांच्या जोडीदाराने उत्साह दाखवला, धीर दिला, फायदा काय होईल ते बोलून दाखवलं, त्यांनी भाषण जास्त वेळा निवडलं. ज्यांच्या जोडीदारालाच भरवसा नव्हता, ते जास्त करून कोड्याकडे वळले. सहा महिन्यांनी पाहिलं तर आव्हान घेतलेले लोक जास्त समाधानी होते.

आता लगेच हा पेपर घरी नेऊन दाखवू नका! गाईड इंटरव्ह्यूत विचारतील तोच प्रश्न आधी विचारा: प्रोत्साहन कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं का? नाही. जोडीदार जे बोलले ते फक्त मोजलं. मुळात ज्याला स्टेजची भीतीच नाही, त्याला घरचे ‘नको’ कशाला म्हणतील? म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे इथे पक्कं होत नाही. शिवाय एक भाषण वेगळं आणि पाच वर्षांची फेलोशिप वेगळी.

म्हणून मला आपल्या भागाशी जोडलेलं एक उदाहरण जास्त उपयोगी वाटतं. सुधा मूर्ती १९७४ मध्ये टेल्कोत लागल्या. मुलाखत पिंपरीला झाली होती. १९८१ मध्ये नारायण मूर्तींना नोकरी सोडून कंपनी काढायची होती, तेव्हा त्यांनी साठवलेले १०,००० रुपये दिले. घरखर्च मी बघते, पण मुदत तीन वर्षांची, असंही सांगितलं. ‘तू कर रे, मी आहे’ एवढ्यावर हा पाठिंबा थांबला नाही, त्याला रक्कम होती आणि मुदत होती. समोरच्याला त्यावर हिशोब मांडता आला.

पण या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. सुधाताईंची टेल्कोची नोकरी सुटली. पती-पत्नी दोघं एका कंपनीत नकोत म्हणून इन्फोसिसमध्येही त्यांना जागा नव्हती. तो निर्णय चुकला, असं मूर्तींनीच पुढे जाहीरपणे म्हटलंय. मला हे खटकतं, कारण आपल्याकडे एकाच्या धाडसाची किंमत बहुतेक वेळा दुसरा भरतो, आणि ती आधी बोललीच जात नाही.

तेव्हा बोलायला बसाल तेव्हा ‘तुझा पाठिंबा आहे ना?’ असं मोघम विचारू नका. घराचा हप्ता कोण भरणार, किती महिन्यांनी पुन्हा बसून बघायचं, आणि या काळात जोडीदाराचं काय मागे पडणार (बदली, बढती, त्याचं स्वतःचं शिक्षण) हे एकाच कागदावर लिहा. आणि हे नेटचा निकाल लागायच्या आधी करा. निकाल हातात आल्यावर समोरच्याला ‘हो’ म्हणण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.