प्रसववेदना आणि संज्ञाहरण : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

प्रास्ताविक

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या आपणा वैद्यांकडे गर्भिणी येते ती बहुधा आम्लपित्त, कंबरदुखी किंवा पायांवरील सूज यांची तक्रार घेऊन. औषध लिहून झाले, पुडी हातात पडली, की ती उठता उठता दाराशी थबकते आणि हळूच विचारते, "डॉक्टर, कळा फार असह्य असतात का हो? पाठीत इंजेक्शन देतात म्हणे, ते घ्यावे का?" हाच प्रश्न औषधाच्या दुकानात तिची सासू किंवा नवरा निराळ्या शब्दांत विचारतो. प्रसूती रुग्णालयात होणार असली तरी तिच्या मनाची तयारी मात्र आपल्या दारात होत असते. म्हणून या विषयाचे यथार्थ ज्ञान आपणास असणे अगत्याचे आहे.

प्रथम आमचीच एक चूक

सुमारे १२ वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णा वय २४ वर्षे, प्रथमगर्भा, आठवा मास. ज्या रुग्णालयात तिने नाव नोंदविले होते तेथे वेदनारहित प्रसूतीची सोय होती. तिने आमचा सल्ला विचारला. आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "पाठीत सुई घेऊ नकोस, कंबर जन्माची जाईल." या विधानास शास्त्राधार कोणता, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर आम्हांस उत्तर देता आले नसते. ते आम्ही ऐकले होते, एवढेच.

बाळंतपणानंतर दीड महिन्याने ती बाळाला घेऊन आली. रात्रभर कळा सोसून प्रसूती झाली होती. बाळ सुखरूप होते. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही नको म्हणालात म्हणून मी सुई घेतली नाही. पण कंबर तर तशीही दुखतेच आहे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु त्या एका वाक्याने आम्हांस पुन्हा ग्रंथ उघडावयास लावले. प्रस्तुत लेख हे त्याचे फलित होय.

इतिहासातील दोन टप्पे

१९ जानेवारी १८४७ रोजी एडिंबरा येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीच्या वेळी ईथरचा वापर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लोरोफॉर्मचा. प्रसववेदना हा स्त्रीचा ईश्वरदत्त भोग आहे, तो टाळू नये, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरिया यांनी आठव्या बाळंतपणात जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि या आक्षेपाचा जोर बराच ओसरला. त्यानंतर १८९८ मध्ये ऑगस्ट बिअर यांनी कण्यातून भूल देण्याची रीत सिद्ध केली, तर १९२१ मध्ये स्पेनचे फिदेल पाजेस यांनी मज्जावरणाबाहेरील, म्हणजे एपिड्युरल, भुलेचे वर्णन प्रसिद्ध केले.

दुसरा टप्पा आपल्या शेजारचा आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे घराणे कल्याणचे. वयाच्या १४ व्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते अवघ्या काही दिवसांत दगावले. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा, आणि त्यात आयुर्वेदीय ग्रंथांचा आधार घेतला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. प्राचीन ग्रंथ आणि अर्वाचीन विज्ञान ही दोन्ही एकाच वेळी हाती धरता येतात, हे कल्याणच्या या कन्येने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

संहितांमधील विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात प्रसवकालाचे वर्णन आहे. त्यातील तीन मुद्दे आजही चिंतनीय आहेत.

१) प्रसव लांबत असल्यास स्त्रीने मुसळ घेऊन धान्य कांडावे, असे काहींचे मत तेथे मांडले आहे आणि आत्रेयांनी त्याचे स्पष्ट खंडन केले आहे. त्या काळी शरीरातील धातू व दोष चलित झालेले असतात, अशा वेळी दारुण व्यायाम घातक ठरतो. मात्र चंक्रमण, म्हणजे सावकाश फिरणे, त्यांनी मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही प्रसवाच्या पहिल्या अवस्थेत हिंडण्याफिरण्यास व उभ्या-बसत्या स्थितीस प्रोत्साहन द्यावे, असे म्हटले आहे.

२) आवी, म्हणजे कळ, आलेली नसताना स्त्रीने जोर करू नये. तसे केल्यास श्रम व्यर्थ जातात आणि अपत्यासही अपाय होतो. कळेबरोबर क्रमाक्रमाने जोर वाढवावा.

३) तिच्याभोवती तिला प्रिय, अनुभवी व धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात. कंबर, कुशी, पाठ व मांड्या यांस कोमट तेलाने हलके मर्दन करावे. सुश्रुतांनी तर या परिचारिकांची नखे कापलेली असावीत, हेही आवर्जून सांगितले आहे.

सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक व वेदनाशामकांची गरज कमी आढळते, हे अर्वाचीन अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. भारत शासनानेही प्रसूतिकक्षात सोबतीणीस स्थान द्यावे, असे धोरण स्वीकारले आहे. म्हणून रुग्णालयात नाव नोंदवितानाच "सोबत एक बाई आत राहू शकेल का?" हे विचारण्यास आपण गर्भिणीस सांगावे.

संज्ञाहरणासंबंधीही एक सूक्ष्म नोंद सुश्रुतांनी केली आहे. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास भोजन द्यावे व मद्याची सवय असून वेदना न सोसणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, हा सामान्य नियम. परंतु मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत रुग्ण उपाशी असावा, हा अपवाद. प्रसूतिकाळी पूर्ण भूल दिल्यास जठरातील अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये विशद केला. कळा सुरू झालेल्या स्त्रीस "अंगात ताकद हवी" म्हणून शिरा किंवा लाडू भरविणाऱ्या घरांत हा अपवाद समजावून सांगणे आपले काम आहे. पातळ पेये घेण्यास प्रत्यवाय नसतो. घन आहाराविषयी मात्र रुग्णालयाची सूचना पाळावी.

वेदना कोठून येते?

पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे आकुंचन व गर्भाशयमुखाचे विस्फारण यांची वेदना दहाव्या वक्षीय ते पहिल्या कटीय मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. म्हणून ती ओटीपोट व कंबर येथे जाणवते. दुसऱ्या अवस्थेत योनिमार्ग व विटप ताणले जातात. ही वेदना दुसऱ्या ते चौथ्या त्रिकीय तंतूंमार्फत जाते. अपानवायूच्या कार्यक्षेत्राचे आपण जे वर्णन करतो, त्याच प्रदेशातील हे व्यापार आहेत. भय वाढले की स्नायू आखडतात, आखडले की वेदना वाढते व वेदनेने पुन्हा भय वाढते. हे चक्र कोठेतरी तोडणे, हेच वेदनाशमनाचे मर्म होय.

प्रचलित उपाय

एपिड्युरल : कटीच्या खालच्या भागात दोन मणक्यांच्या मधून सूक्ष्म नळी मज्जावरणाबाहेरील पोकळीत ठेवून तीतून बुपिव्हॅकेन व फेंटॅनिल यांची अत्यल्प मात्रा देतात. स्त्री जागी असते व बाळाचे रडणे ऐकते. उपलब्ध उपायांत हा सर्वांत प्रभावी आहे.

स्पायनल : सिझेरियनसाठी बहुधा हीच भूल वापरतात. औषध मज्जाजलात एकदाच सोडले जाते व काही मिनिटांत परिणाम होतो.

पेथिडिनसारखी इंजेक्शने : वेदना काहीशी बोथट होते, परंतु गुंगी व मळमळ येते. प्रसूतीच्या आधीच्या काही तासांत दिल्यास बाळाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून बाळास श्वास देण्याची साधने हाताशी असल्याखेरीज ही देऊ नयेत.

वायू : नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे समप्रमाण मिश्रण स्त्रीने स्वतः मुखवटा धरून कळेबरोबर हुंगावयाचे असते.

एपिड्युरल हा साधा उपचार नव्हे. भूलतज्ज्ञ, रक्तदाबावर सतत लक्ष, बाळाच्या हृदयस्पंदनांची नोंद आणि वेळ पडल्यास तत्काळ शस्त्रक्रिया, एवढी सिद्धता लागते. लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, तेही सिझेरियनपुरते. रात्रभर थांबणे त्यांना शक्य नसते. म्हणून "तेथे मिळते का, रात्रीही मिळते का, खर्च किती?" हे तीन प्रश्न आठव्या महिन्यातच विचारून ठेवावेत. कळा सुरू झाल्यावर ही विचारणा व्यर्थ होय.

गैरसमज व वस्तुस्थिती

कंबर कायमची जाते काय? नाही. टोचल्या जागी काही दिवस दुखते. परंतु दीर्घकालीन कंबरदुखी एपिड्युरलमुळे वाढते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. गर्भिणी अवस्थेतील स्नायूंचा ताण, वाकून स्तन्यपान व बाळ उचलणे ही तिची नित्याची कारणे असतात.

सिझेरियन होते काय? त्याचे प्रमाण वाढत नाही. दुसरी अवस्था मात्र काहीशी लांबू शकते.

दोष नाहीतच काय? आहेत. रक्तदाब उतरणे, कंड, थंडी वाजणे, ज्वर, पाय जड होणे आणि सुमारे शंभरात एकीस तीव्र डोकेदुखी. ही डोकेदुखी बसल्यावर वाढते व आडवे झाल्यावर उतरते. बाळंतिणीत असे लक्षण दिसल्यास "वात वाढला" म्हणून केवळ तेल लावीत न बसता तिला भूलतज्ज्ञाकडे परत पाठवावे.

कळांचे इंजेक्शन व कळलावी

येथे कठोर बोलणे आवश्यक आहे. कळा वाढाव्यात म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन घरी किंवा लहान दवाखान्यात दंडात देण्याची रीत अनेक ठिकाणी होती. ती पूर्णतः नष्ट झाली आहे, असे आम्ही म्हणणार नाही. स्नायूत दिलेली मात्रा परत घेता येत नाही. आकुंचने अनावर झाल्यास गर्भाशय फाटते व बाळ गुदमरते. प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखण्यासाठी हेच औषध प्राणदायी आहे. प्रसूतीपूर्वी ते केवळ रुग्णालयात, शिरेतून, मोजून व बाळाच्या स्पंदनांवर लक्ष ठेवूनच द्यावयाचे असते. पोटावर दाब देऊन बाळ ढकलणेही तितकेच निषिद्ध आहे.

आपल्या शास्त्रातील द्रव्यांविषयीही हाच विवेक हवा. लांगलीस मराठीत कळलावी म्हणतात. कळ लावणारी, हे तिचे नावच तिची कीर्ती सांगते. ग्रंथांत तिच्या मुळाचा बाह्य लेप सांगितला आहे. परंतु तिच्या कंदात कोल्चिसिन असते व ते पोटात गेल्यास प्राण घेऊ शकते. आपण तिला उपविषांत गणतो आणि औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्येही तिचा समावेश आहे. पावसाळ्यात कुंपणावर फुललेली कळलावी उपटून कोणी आणली, तर तिला घरातून बाहेर काढण्याचा सल्ला द्यावा.

नवव्या महिन्यात मधुर द्रव्यांनी सिद्ध तेलाचा अनुवासन बस्ती व योनिपिचू यांचे विधान चरकांनी केले आहे. ही प्रसवाची पूर्वतयारी होय. ती तज्ज्ञाने, प्रसूतितज्ज्ञास कळवून व रक्तस्राव, वार खाली असणे, पाणी जाणे हे वगळूनच करावी. तिला वेदनारहित प्रसूतीची हमी म्हणून विकणे शास्त्राशी प्रामाणिक नव्हे.

औषधविक्रेत्यांसाठी

१) ऑक्सिटोसिन अनुसूची एच मधील औषध आहे. २०१८ मध्ये त्याच्या खासगी उत्पादनावर घातलेली बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. परंतु म्हणून ते चिठ्ठीविना देता येते, असा अर्थ होत नाही. ते शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे.

२) पेंटॅझोसिन व ट्रामाडोल अनुसूची एच-१ मधील आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी.

३) गर्भिणीच्या कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मागितल्यास देऊ नये. २० व्या आठवड्यानंतर गर्भजल कमी होण्याचा व अखेरच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळील वाहिनी अकाली मिटण्याचा धोका असतो.

वैद्यांसाठी

गर्भिणीस आपण दिलेल्या सर्व कल्पांची यादी स्वच्छ अक्षरांत लिहून तिच्या नोंदवहीत लावावी. निद्राजनक कल्प, अधिक मात्रेतील लसूण आणि अन्य ठिकाणाहून घेतलेली रक्त पातळ करणारी इंजेक्शने यांचा त्यात उल्लेख असावा. रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनवर्गीय इंजेक्शनानंतर ठरावीक तास उलटल्याशिवाय पाठीत सुई घालता येत नाही, हे भूलतज्ज्ञास ठाऊक असते. परंतु इंजेक्शन केव्हा घेतले, हे त्यास कोणी सांगत नाही. "आयुर्वेदिक औषध घेते हे सांगू नको" असा सल्ला आपण कदापि देऊ नये.

उपसंहार

वेदना सोसणे हे स्त्रीचे भूषण आहे, असे म्हणणारा बहुधा ती सोसणारा नसतो. तसेच प्रत्येकीने सुई घेतलीच पाहिजे, असाही आमचा आग्रह नाही. काहींना तेलाचे मर्दन, फिरणे व आईचा हात पुरतो. काहींना पुरत नाही. निवड तिची आहे. ती निवड खऱ्या माहितीवर व्हावी, एवढेच आपले कर्तव्य.

त्या रुग्णेस दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती पुन्हा आमच्याकडे आली. आम्ही तिच्यापुढे आमची चूक कबूल केली, वरील सर्व माहिती दिली आणि निर्णय तिच्यावर सोपविला. तिने काय निवडले, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. या वेळी तिने ते समजून निवडले, हे महत्त्वाचे. अस्तु.