फिरत्या फळीचं वजन

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गुऱ्हाळाच्या चरकाचं फुटलेलं फ्लायव्हील आलं होतं. जुना पॅटर्न कुणाकडेच नव्हता. तरी मालकांनी चाक ओतण्याआधीच गुऱ्हाळवाल्याला वजन लिहून दिलं: १०६ किलो. अजून नसलेल्या चाकाचं वजन कुठून आलं, ते बघायला मी थांबलो.

एका नगासाठी लाकडी पॅटर्न परवडत नाही. मोल्डरनं वाळूत मधोमध उभा गज रोवला आणि त्यात एक फळी अडकवली. फळीची कड चाकाच्या अर्ध्या छेदाबरहुकूम कापलेली. ती धरून तो गजाभोवती फिरू लागला. ओली काळी वाळू सुटत गेली, बेंटोनाइटचा मातकट वास नाकात बसला. फेरा पुरा झाला तिथं गोल खळगा उमटला होता. पुढं कोअर, बॉक्स, ओतकाम हे नेहमीचंच. मी मात्र पुन्हापुन्हा त्या फळीपाशी जाऊन उभा राहत होतो.

कारण केबिनमधला पोरगा कॉम्प्युटरवर तेच करत होता. अर्धा छेद, मधली रेघ, ‘रिव्हॉल्व’, ३६० अंश. मग घनता: ७.२. बिडाचा एक घन सेंटिमीटर ७.२ ग्रॅम भरतो. “सात पूर्णांक दोन,” मिस्त्री दारातूनच म्हणाले, “ह्यो आकडा पाठ पायजे बघा.”

बटण दाबून समाधान होईना, म्हणून कागद घेतला. चाकाची कडी आतून २० आणि बाहेरून ३० सेंटिमीटर त्रिज्येची, जाडी ६. छेदाचं क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर. त्याचा मध्यबिंदू अक्षापासून २५ सेंटिमीटरवर, म्हणजे एका फेऱ्यात तो १५७ सेंटिमीटर चालतो. दोन्हींचा गुणाकार ९,४२५ घन सेंटिमीटर. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसला ठाऊक असलेली ही युक्ती. गुणिले ७.२: ६८ किलो.

“मशिनिंग धरलं न्हाई तुम्ही,” मिस्त्री म्हणाले. प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जादा धातू. पुन्हा मांडलं, तर कडी ७९ किलोंवर गेली. नखाएवढ्या थरानं ११ किलो वाढवले!

कडीला इंटिग्रेशन लागत नाही, ते लागतं मधल्या हबला. तिथं कड वळत वळत हब आणि कडी जोडणाऱ्या तबकडीला मिळते, त्रिज्या जागोजाग बदलते. मग अक्षाला काटकोनात पातळ चकत्या कल्पायच्या. दर चकतीचं घनफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले जाडी. सगळ्यांची बेरीज करून मधल्या भोकाचं वजा करायचं. चकत्या पातळ करत नेल्या की त्या बेरजेचंच इंटिग्रल होतं. त्रिज्येचा वर्ग असल्यामुळं मिलिमीटरभर चूक अक्षाजवळ खपते, बाहेरच्या कडेला महागात पडते. हब आणि तबकडी मिळून २७ किलो. एकूण १०६.

मिस्त्रींनी चाक न मोजता नजरेनं ‘शंभराच्या वर’ सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या नजरेचं कौतुक आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. हजार नग काट्यावर चढताना पाहिलेत, म्हणून ती नजर आहे. न पाहिलेल्या आकारापुढं ती थबकते आणि किलोमागं पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘शंभराच्या वर’ पुरत नाही.

साफसफाई करून चाक काट्यावर ठेवलं. १०९. गुऱ्हाळवाल्याच्या कपाळावर आठी. तीन किलो कुठून आले? मिस्त्रींनी टेप लावून कडीची जाडी बघितली. तापलेल्या धातूच्या दाबानं साचा फुगला होता. वाळू सैल ठोकली गेली होती. मालकांनी बिल १०६ चंच केलं आणि मोल्डरला पुढच्या खेपेला ठोकणी वाढवायला सांगितली. आधी १०६ लिहिलेलं नसतं, तर ते तीन किलो गुऱ्हाळवाल्याच्या बिलात मुकाट्यानं गेले असते.