इंजिनिअरिंग सोडून आता चित्रं काढणार का?

केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधली एक जुनी गोष्ट इथे आजही आवडीने सांगितली जाते. १९९१ साली लॅबमध्ये ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी कॉफीचं एक भांडं असायचं. संशोधक वेगवेगळ्या मजल्यांवर बसायचे. जिने चढून-उतरून कॉफीसाठी यावं, तर बहुतेक वेळा भांडं रिकामं! शेवटी काही जणांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि आपापल्या कॉम्प्युटरवर त्याचं छोटंसं काळंपांढरं चित्र दिसेल असा प्रोग्रॅम लिहिला. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि हे भांडं जगातला पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये लॅब नव्या इमारतीत गेली, तेव्हा तो कॅमेरा बंद झाला.

या गोष्टीत सगळ्यांना कॅमेरा आठवतो. मला त्यातला जिना महत्त्वाचा वाटतो. 'माणूस उगाच हेलपाटा मारतोय' हे आधी कुणाच्या तरी लक्षात आलं, मग कोड लिहिला गेला. ज्याला आज 'प्रॉडक्ट डिझाइन' म्हणतात, त्याचं सार एवढंच आहे. आठ-नऊ वर्षं सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट केल्यावर मी या क्षेत्रात आले. तेव्हापासून भारतातून आणि इथूनही अनेकांनी विचारलं, "हे नक्की असतं काय? आणि आम्हाला जमेल का?" म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वात आधी हा प्रश्न आमच्या घरी विचारला गेला. मी मूळची साताऱ्याची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पुण्यात केलं. व्हिडिओ कॉलवर बातमी सांगितली तर बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस, एवढी लांब गेलीस, ते काय आता बटणांचे रंग ठरवायला? चित्रं काढणार का?" आई मागून म्हणाली, "पगार तोच राहील ना पण?" दोन्ही प्रश्न रास्त होते. पगार तोच राहिला नाही, सुरुवातीला कमीच झाला. इथे घराचं भाडं आणि मुलीच्या नर्सरीची फी भरताना तो फरक दर महिन्याला जाणवायचा. मी आणि नवऱ्याने बसून कागदावर हिशेब मांडला, वर्षभराची शिल्लक बाजूला ठेवली आणि मगच पाऊल उचललं.

मग एवढी उठाठेव कशासाठी? आमची टीम दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करायची. एकदा ते प्रत्यक्ष वापरताना बघायला आम्हाला एका दवाखान्यात नेलं. रिसेप्शनवरच्या बाईंच्या स्क्रीनच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: 'आधी हे दाबा', 'इथे तारीख परत टाका', 'हिरवं बटण दाबू नका'. सॉफ्टवेअरमध्ये एकही बग नव्हता, सगळ्या टेस्ट पास होत्या. तरीही तीन वर्षं त्या बाई चिठ्ठ्यांच्या आधाराने काम ढकलत होत्या आणि समोर पेशंट ताटकळत उभे होते. कोड कसा लिहायचा हे मला येत होतं. पण काय लिहायचं आणि का, हे ठरतं त्या खोलीत मी नव्हते. मला तिथे बसायचं होतं.

प्रॉडक्ट डिझायनरच्या कामात रंग आणि बटणं शेवटी येतात. आधी वापरणाऱ्यांना भेटायचं, ते काम करताना गप्प बसून बघायचं, खरी अडचण कोणती ते ठरवायचं, मग चार-पाच उपाय कच्चे काढून पुन्हा लोकांसमोर ठेवायचे. इथल्या डिझाइन कौन्सिलने या पद्धतीला 'डबल डायमंड' असं नाव दिलं आहे. आधी प्रश्न मोकळा सोडायचा आणि मग आवळायचा. नंतर उत्तरं मोकळी सोडायची आणि मग आवळायची. ब्रिटिश सरकारच्या गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिसचं पहिलं तत्त्वसुद्धा वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करा, हेच आहे. २०१२ मध्ये त्यांनी सरकारी कामांसाठी जी वेबसाइट आणली, तिला पुढच्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमचा पुरस्कार मिळाला. दिसायला ती तेव्हा अगदी साधी, काळी-पांढरी होती. पण पासपोर्टचं किंवा गाडीच्या टॅक्सचं काम कुणाला न विचारता होतं.

इंजिनिअरला यातलं काय आयतं मिळतं? बरंच काही. गुंतागुंतीचा प्रश्न तुकडे करून सोडवायची सवय असते. इंटरनेट गेलं तर काय, यादी रिकामी असेल तर काय, नाव फार लांब असेल तर काय, हे कोपऱ्यातले प्रश्न आपल्याला आपोआप सुचतात. डेव्हलपरशी त्याच्या भाषेत बोलता येतं. नव्याने शिकावं लागतं ते वेगळंच. मला सर्वात जड गेलं ते ऐकणं. समोरचा माणूस अडखळला की इंजिनिअरचा हात लगेच मदतीला धावतो, "अहो, ते वर उजवीकडे आहे बघा." इथे तोंड बंद ठेवायचं असतं, कारण तो अडखळतोय हीच तर माहिती असते. दुसरी गोष्ट म्हणजे अर्धवट काम दाखवायची लाज सोडावी लागते. फिग्मासारखं सॉफ्टवेअर महिन्याभरात हाताला बसतं, ही लाज जायला मात्र वर्ष लागतं.

पोर्टफोलिओबद्दलही विचारणा होते. त्यात सुंदर स्क्रीनची रांग लावू नका. दोन किंवा तीनच कामं घ्या आणि प्रत्येकात सांगा: अडचण कोणाची होती, कशी कळली, कोणते पर्याय टाकून दिले आणि का, शेवटी काय बदललं. माझ्या पोर्टफोलिओतलं पहिलं काम त्या पिवळ्या चिठ्ठ्यांचंच होतं. वेगळी पदवी घेणं माझ्या खिशाला परवडणारं नव्हतं. ज्यांना रीतसर शिकायचंय त्यांच्यासाठी भारतातच उत्तम सोय आहे. पवईच्या आयआयटीमधलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ पासून चालू आहे आणि इंजिनिअर झालेल्यांना सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन तिथे मास्टर्सला जाता येतं.

आता इथे राहणाऱ्यांसाठी एक कळीचा मुद्दा. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल, तर तो तुमच्या कंपनीशीच नव्हे, कामाच्या ऑक्युपेशन कोडशीही बांधलेला असतो. त्याच कंपनीत राहून काम बदललं आणि कोड वेगळा झाला, तरी नव्याने अर्ज करावा लागतो आणि मंजुरी येईपर्यंत नवं काम सुरू करता येत नाही. त्यात जुलै २०२५ पासून कोणत्या पातळीची कामं चालतात ते नियमही कडक झाले आहेत. त्यामुळे राजीनामा देण्याआधी किंवा साहेबांना 'हो' म्हणण्याआधी सरकारी साइटवरचे ताजे नियम वाचा आणि एचआरला लेखी विचारा. आमचा आयएलआर व्हायला दोन वर्षं बाकी होती. मी तोवर डेव्हलपरच राहिले, पण त्या काळात डिझाइन टीमसोबत मुलाखतींना बसणं, टिपणं काढणं, कच्चे नमुने कोडमध्ये करून देणं असं सगळं मागून घेतलं. आयएलआरचं पत्र आलं तेव्हा माझ्याकडे दोन वर्षांचं दाखवण्यासारखं काम होतं.

केंब्रिजमध्ये राहण्याचा एक फायदा सांगते. इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग डिझाइन सेंटरने 'इन्क्लुझिव्ह डिझाइन'वर बरंच काम केलंय. त्यांनी खास चष्मे आणि हातमोजे तयार केलेत. चष्मा घातला की नजर अधू झाल्यासारखं दिसतं, हातमोजे घातले की बोटं आखडल्यासारखी होतात. एका कार्यशाळेत मी ते घालून स्वतःच्याच फोनवर बँकेचं ॲप उघडलं. फिकट राखाडी अक्षरं दिसेनात, बारीक बटणावर बोट बसेना. मला पहिल्यांदा आठवली ती आई. वीजबिल भरताना ओटीपी येईपर्यंत तिची उडणारी धांदल, आणि "मला नाही बाई हे जमत" हे तिचं नेहमीचं वाक्य. तिला जमत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. खरं तर ते ॲप तिच्या डोळ्यांचा आणि बोटांचा विचार करून बनवलेलंच नव्हतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा असं वेबचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. तेवढं पाळलं तरी कितीतरी आया-आज्यांचं काम सोपं होईल.

आणि आपल्या भाषेचं काय? मराठीत 'ल' आणि 'श' लिहायची आपली वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवून दिलंय, पण कितीतरी ॲपमध्ये अजून हिंदी वळणाचीच अक्षरं दिसतात. देवनागरीला मात्रा आणि उकारांसाठी वर-खाली जास्त जागा लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की वेलांट्या कापल्या जातात. 'ओके'च्या बटणात 'पुढे चालू ठेवा' मावत नाही. विंडोजवरचा मंगल हा फॉन्ट करणारे प्रा. र. कृ. जोशी आपलेच. आयडीसीमध्ये तयार झालेला 'स्वरचक्र' हा मराठी कीबोर्डही पवईचाच. ही वाट आपल्या माणसांनी आधीच घालून दिली आहे. ज्याला कोड कळतो, मराठी येते आणि समोरच्याचं ऐकून घेता येतं, असा माणूस या कामाला फार उपयोगी आहे. आणि असे लोक आपल्यात हजारोंनी आहेत.

हा बदल प्रत्येकाने करावाच असं मी म्हणणार नाही. ज्यांना कोडमध्ये रमायला आवडतं त्यांनी खुशाल रमावं, त्यांच्यावाचून आमचे कागदावरचे नमुने कागदावरच राहतील. पण मनात कुठेतरी हा किडा वळवळत असेल, तर नोकरी न सोडता एक सुरुवात करता येते. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांना तुम्ही बनवलेलं किंवा रोज वापरता ते कुठलंही ॲप हातात द्या. शेजारी बसा आणि दहा मिनिटं काहीही न सांगता नुसतं बघा. बाबांसोबत मी हे गेल्या दिवाळीत केलं. दहा मिनिटांनी फोन खाली ठेवून ते म्हणाले, "हे असं का केलंय, याचं उत्तर शोधणं म्हणजे तुझं काम होय? मग हे इंजिनिअरिंगच की!"