ब्यूटच्या तळ्याची राखण

बर्कली पिटच्या काठावर पाळी करणाऱ्याचे निम्मे काम कानाने चालते आणि निम्मे दुर्बिणीने. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, ब्यूट गावाला खेटून, तांब्याच्या बंद खाणीच्या खड्ड्यात हे तळे आहे. पक्षी पाण्यावर उतरला, की काठावरचा माणूस भोंगा वाजवतो, जवळच्या पाण्यात रायफलीची गोळी मारतो. अलीकडे ड्रोन आणि लेझरही हाताशी आले आहेत. आपल्याकडे दाणे वाचवायला पाखरे हाकतात. इथे पाखरे वाचवायला पाखरे हाकायची.

ही नोकरी निर्माण झाली ती ३४२ मेलेल्या पक्ष्यांमुळे. नोव्हेंबर १९९५ मध्ये स्नो गूस, म्हणजे पांढऱ्या रानहंसांचा थवा इथे विसाव्याला उतरला. खाणीच्या कंपनीने सुरुवातीला धान्यावरच्या बुरशीवर खापर फोडले. राज्य सरकारला ते पटले नाही. शवविच्छेदनात पक्ष्यांची आतडी-अन्ननलिका पोळलेली निघाली होती. मग राखण सुरू झाली. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये वादळ चुकवत हजारो हंस एकदम उतरले. कामगारांनी प्रखर दिवे टाकले, आवाज केले. ३,००० ते ४,००० पक्षी मेले. एवढा थवा आल्यावर माणसाने करायचे तरी काय?

दोष मुळात पाण्याचा नाही, खडकाचा आहे. ब्यूटच्या खडकात तांब्याबरोबर पायराइट ठासून भरले आहे: लोखंड आणि गंधक यांचे पिवळे, चकचकीत खनिज. हवेपासून दूर, खोल जमिनीत ते स्वस्थ पडून असते. खाणीने खडक फोडला, पंपांनी बोगदे कोरडे ठेवले आणि हवेला आत वाट मिळाली. हवा, ओल आणि पायराइट एकत्र आले की गंधकाम्ल तयार होते. पुढे जिवाणू कामाला लागतात. पाण्यात विरघळलेल्या लोखंडाचे ते ऑक्सिडीकरण करतात, ते लोखंड नव्या पायराइटवर तुटून पडते, पुन्हा आम्ल सुटते. हे आम्ल खडकातले तांबे, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक ओढून घेते. गोव्यातल्या लोहखाणींच्या खड्ड्यांतही पाणी साठते, पण तिथले खनिज मुख्यतः ऑक्साइड, त्यात गंधक नाममात्र. तिथली मोठी तक्रार गाळाची असते.

बर्कली पिट १९५५ मध्ये खोदायला घेतली. वाटेत मीडरव्हिलसारखी वस्ती गिळून ती सुमारे एक मैल लांब आणि अर्धा मैल रुंद झाली. एप्रिल १९८२ मध्ये तोटा नको म्हणून खोलातले पंप बंद केले गेले, आणि जुन्या बोगद्यांतून पाणी वर चढू लागले.

तळे तेव्हापासून एकसारखे राहिलेले नाही. पूर्वी वरचा थर हवेमुळे तांबूस-तपकिरी असे, खालचा प्राणवायूविना. दोन्ही सहसा मिसळत नसत. मग या पाण्यातूनही तांबे काढायचे ठरले. खोलातले पाणी उपसून भंगार लोखंडावर सोडले, की लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी लालसर तांबे बसते. उरलेले पाणी पुन्हा वर सोडले जाई. या उलथापालथीत थर मोडले. २०१३ मध्ये दरड कोसळली आणि तो धंदा थांबला. पाण्यावर माणूस पाठवणे धोक्याचे ठरल्याने पुढे नमुने आणायला दूरनियंत्रित होडी आली. शेजारच्या शुद्धीकरण केंद्रातला चुनामिश्रित गाळही २००३ पासून खड्ड्यात पडतो आहे. लोखंड तळाशी बसले आणि एकेकाळी २.५ च्या आसपास असलेला पाण्याचा सामू (pH) ४ च्या वर गेला. ही सुधारणा खरी आहे, पण पिण्याजोगे किंवा पोहण्याजोगे पाणी अजून फार लांब.

गावात मात्र सामूपेक्षा ५,४१० हा आकडा जास्त बोलला जातो. समुद्रसपाटीपासून ५,४१० फूट. पाणी याच्या खाली असेपर्यंत आसपासचे दूषित भूजल खड्ड्याकडेच वाहते. ५,४१० ओलांडले, तर ते उलटे गावाच्या भूजलाकडे आणि सिल्व्हर बो ओढ्याकडे वळण्याची भीती. आकडा गाठायची वाट न पाहता २०१९ मध्ये उपसा सुरू झाला. चुना घालून धातू खाली बसवायचे आणि स्वच्छ केलेले पाणी ओढ्यात सोडायचे. खालच्या खडकात पायराइट शिल्लक आहे, त्यामुळे चुन्याच्या खेपांना अंत नाही.

तिकीट काढून, छोट्या बोगद्यातून चालत पर्यटक हे तळे पाहायला येतात आणि फोटो काढून जातात. त्यांना दिसते ते पाणी. पाळीवरचा माणूस क्वचितच दिसतो. २००२ च्या न्यायालयीन करारानुसार हे पाणी ५,४१० फुटांखाली ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर कायमची आहे. खाण चालली होती २७ वर्षे.