आमच्या घरच्या रडक्या बायका

आमच्या बैठकीच्या खोलीत सहा बायका अष्टौप्रहर रडत असतात. नवखा पाहुणा दचकतो. मग सौ. त्याच्यापुढे चहा ठेवता ठेवता खुलासा करते, “ह्यांच्या आहेत हो सगळ्या!” सातवी स्वयंपाकघरात असते. तिची हकीकत पुढे येईलच.

वाचकहो, गैरसमज नको. ह्या बायका कागदाच्या आहेत. मी मूळचा दादरचा. नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत आलो आणि न्यू जर्सीतच मुरलो. इथे कोणी तिकिटे जमवतो, कोणी जुन्या मोटारी. मला नाद लागला तो हॉलिवूडच्या जुन्या रडक्या चित्रपटांच्या पोस्टरांचा. फसवली गेलेली मुलगी, टाकलेली बायको, लेकरासाठी झिजणारी आई! १९२० सालच्या ‘वे डाउन ईस्ट’मध्ये लिलियन गिश बर्फाच्या लादीवर निपचित पडून नदीतून वाहत जाते. तो प्रसंग मी एकदा पाहिला आणि बिघडलो.

ही पोस्टरे जपून ठेवण्यासाठी छापलेलीच नव्हती. सर्वसाधारण पोस्टर २७ इंच रुंद नि ४१ इंच उंच. घडी घालून गावोगाव जायचे, चार दिवस थिएटरवर लागायचे, की चालले पुढच्या गावाला. फाटले की कचऱ्यात! दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याची मोहीम निघाली, तीत किती नायिका लगद्याला मिळाल्या कोण जाणे. उरल्या त्या केवळ अपघाताने. पेनसिल्व्हेनियात बर्विक गावी एका माळ्यावर खळीने चिकटलेला पोस्टरांचा गठ्ठा निघाला. वाफ देऊन थर सोडवले, तर त्यात ३३ पोस्टरे! २०१२ च्या लिलावात त्यांचे पाच लाख डॉलर आले. अर्थात ह्या बाजारात खरा मान ड्रॅक्युला आणि ममी यांना. रक्त पिणारा महाग, आसवे गाळणारी स्वस्त! म्हणून तर माझ्यासारख्या निवृत्त माणसाचे फावते.

फसलोही आहे. एका विक्रेत्याने मूकपटाच्या काळातले म्हणून एक पोस्टर गळ्यात मारले. घड्यांच्या खुणासुद्धा होत्या. घरी येऊन बोट फिरवतो, तो कागद गुळगुळीत. घड्यादेखील छापलेल्या! भिंग लावले तर ठिपक्यांची रांगोळी. जुन्या शिळाछापात असे ठिपके नसतात, खडूने रेघाटल्यासारखी कणी दिसते. हे ज्ञान मला ऐंशी डॉलरला पडले.

आता सातवी. दोन वर्षांमागे एका जुन्या बाजारात ‘स्टेला डॅलस’चे कार्ड सापडले. सन १९३७, नायिका बार्बरा स्टॅनविक. न्हाव्याच्या नाही तर वाण्याच्या दुकानाच्या खिडकीत ठेवायचे हे जाड पुठ्ठ्याचे कार्ड, १४ इंच बाय २२ इंच. त्याचा वरचा भाग मुद्दाम कोरा ठेवीत. त्यावर तिथला थिएटरवाला आपले नाव नि तारखा छापून घेई. माझ्या कार्डाचा नेमका तोच भाग ओल लागून तपकिरी झालेला, कोपरा उंदराने खाल्लेला. एक जाणकार स्नेही म्हणाले, “तेवढे कापून टाका, फ्रेममध्ये झकास दिसेल.” पुष्कळजण असे कापतातही.

रात्री सौ. म्हणाली, “आधी बघू तरी ही बाई कोण ते.” म्हणून चित्रपट लावला. स्टेला गरीब घरातली, भडक कपड्यांची. आपल्यामुळे लेकीचे चांगल्या घरी जमायचे नाही, हे उमजून ती मुद्दाम वाईटपणा घेते आणि मुलीला बापाकडे धाडते. शेवटी लेकीचे लग्न लागते, नि ही बाहेर रस्त्यावर भर पावसात उभी राहून खिडकीतून पाहते. पोलीस हटकतो, तरी हलत नाही.

आमच्या मुलीचे लग्न २०२० च्या ऑगस्टमध्ये सिएटलला झाले. साथीचे दिवस, त्यात माझे हृदयाचे दुखणे. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. सौ. पैठणी नेसून, वाटीत अक्षता घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉम्प्युटरपुढे बसली. ऐन हार घालायच्या वेळी चित्र अडकले. पुन्हा सुरू झाले तेव्हा मंडळी टाळ्या वाजवीत होती. हातातल्या अक्षता तिने पडद्यावरच टाकल्या. त्या दिवसाविषयी ती पुढे कधी बोलली नाही.

चित्रपट संपला. सौ. काही न बोलता उठली आणि दुधाला विरजण लावायला गेली.

सकाळी मी फूटपट्टी आणि सुरी घेऊन बसलो होतो. ती मागे येऊन उभी राहिली.

“अहो, ठेवा ती सुरी.”

“अगं, पण डाग किती...”

“असू देत. लेकीचं लग्न पावसात उभं राहून बघितलंय तिनं. डोक्यावरचं तेवढं छप्पर तरी राहू द्या!”

छप्पर राहिले. थिएटरचे नाव ओलीने गेले आहे, पण ‘गुरुवार, शुक्रवार’ एवढे अजून वाचता येते. कार्ड स्वयंपाकघरात, त्या टेबलासमोर लावले आहे. जागा सौ.नेच ठरवली, खिळाही तिनेच ठोकला.